एलिझाबेथ टिलीचं माहेर शोधताना

माझ्या सासरच्या कुलवृत्तांताच्या पुरवणीचं काम मी सहा वर्षं केलं. जुन्या पत्रिका, सातबाऱ्याचे उतारे, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या, सगळं धुंडाळलं. पुरुषांच्या अकरा पिढ्या जमल्या. बायकांच्या बाबतीत मात्र एकच ओळ लिहून लिहून हात दुखला : 'माहेरचे नाव उपलब्ध नाही.'

माझी सून मॅसॅच्युसेट्सची. तिच्या आजीने मरणापूर्वी तिला एक वही दिली होती आणि तिच्या पहिल्या पानावर 'एलिझाबेथ टिली, मेफ्लॉवर, १६२०' एवढंच होतं. मेफ्लॉवर म्हणजे इंग्लंडहून आलेलं ते जहाज, ज्यातल्या माणसांनी मॅसॅच्युसेट्सात प्लिमथ ही वसाहत वसवली. मागच्या सप्टेंबरात मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा ती म्हणाली, "आई, तुम्हाला या कामाची सवय आहे. आपण दोघी मिळून शोधू या का?" नातीला बरोबर घेऊन आम्ही चार दिवस फिरलो. तो वृत्तांत लिहिते आहे, कारण अमेरिकेत सुना-जावई असलेली आपली पुष्कळ घरं आहेत आणि नातवंडांच्या वंशावळीची ती बाजूही कोणीतरी नीट लिहायला हवी.

ही एलिझाबेथ इंग्लंडमधल्या बेडफर्डशायर परगण्यातल्या हेन्लो गावची. तिथल्या चर्चच्या नोंदवहीत तिचा बाप्तिस्मा ३० ऑगस्ट १६०७ चा आहे. तेरा वर्षांची असताना आईबाप, चुलता-चुलती आणि दोन लहान नातेवाईक मुलं यांच्यासह ती मेफ्लॉवर जहाजात चढली. जहाजात १०२ प्रवासी होते. पहिल्या हिवाळ्यात त्यातले निम्मे गेले. एलिझाबेथचे आई, बाप, चुलता, चुलती असे चौघेही त्यातच गेले. पोरीला वसाहतीचा पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर याने आपल्या घरात घेतलं, तर १६२१ च्या वसंतात तोही वारला. पुढे कार्व्हरच्याच घरातल्या जॉन हाऊलंडशी तिचं लग्न झालं. हा हाऊलंड वादळात जहाजावरून समुद्रात पडला होता आणि शिडाचा लोंबता दोर हाती लागला म्हणून वाचला. दहा मुलं झाली आणि दहाही जगून मोठी झाली.

पहिला दिवस बॉस्टनला गेला. न्यूबरी स्ट्रीटवर १८४५ साली स्थापन झालेल्या न्यू इंग्लंड वंशावळी संस्थेचं ग्रंथालय आहे. सभासद नसलात तरी दिवसाचं शुल्क भरून बसता येतं. वेळा आधी संकेतस्थळावर पाहून घ्या. जुने कागद मागवणार असाल तर पेन्सिल न्या, शाईचं पेन चालत नाही.

इथे बसण्याआधी घरी एक काम उरकलेलं असावं. आपल्यापासून सुरुवात करून मागे मागे जायचं. बहुतेक जण मेफ्लॉवरपासून खाली यायला बघतात आणि फसतात. वरच्या पाच पिढ्या मेफ्लॉवर वंशजांच्या संस्थेने कागदपत्रांसह छापलेल्या आहेत, त्या रुपेरी बांधणीच्या खंडांत आयत्या मिळतात. गेल्या दीडशे वर्षांतलंही मिळतं, कारण मॅसॅच्युसेट्सात १८४१ पासून राज्यपातळीवर जन्म-लग्न-मृत्यूची नोंद आहे. कठीण आहे ती मधली फळी, म्हणजे साधारण १७८० ते १८५०. तेव्हा कुटुंबं पश्चिमेकडे सरकली आणि नोंदी मागे राहिल्या. त्यातही बाई शोधायची तर आणखी कठीण, कारण १८५० च्या आधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे. बाकीची माणसं नुसती आकड्यांत. घरात सोळा ते पंचवीस वयाच्या दोन स्त्रिया, एवढंच कळतं.

मग बाई सापडते कुठे? जिथे मालमत्तेची वाटणी होते तिथे. बापाच्या मृत्युपत्रात 'माझी मुलगी अमकी, तमक्याची बायको' असं लिहिलेलं असतं. जमीन विकताना बायको आपला हक्क सोडल्याचं लिहून देते, तिथे तिचं नाव येतं. हे वाचताना मला आपल्याकडचं हक्कसोडपत्र आठवलं. तुम्ही शोध घेत असाल तर नवऱ्याचे कागद बाजूला ठेवून आधी तिच्या बापाचे, भावांचे आणि बिनलग्नाच्या मावश्यांचे कागद बघा. मला सगळ्यात जास्त तिथे मिळालं.

एक चूक आमच्या हातूनही झाली, ती तुम्ही करू नका. एका फुकट संकेतस्थळावर कोणीतरी तयार करून ठेवलेली वंशावळ सुनेने जशीच्या तशी उतरवून घेतली होती. तिच्यात आई एलिझाबेथ आणि तिची त्याच नावाची मुलगी एलिझाबेथ एकच होऊन बसल्या होत्या. दोन महिने त्यात गेले. या घराण्यात नावं फिरून फिरून तीच येतात. एलिझाबेथच्या आईचं, जोन हर्स्टचं, पहिलं लग्न टॉमस रॉजर्सशी झालं होतं. मेफ्लॉवरवरही एक टॉमस रॉजर्स होता, पण तो हा नव्हे. असे सापळे पावलोपावली आहेत. दुसऱ्याने केलेली वंशावळ वाट दाखवण्यापुरती घ्यावी, पुरावा म्हणून घेऊ नये.

तारखांचंही सांगते. १७५२ पर्यंत इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलत असे. आपल्याला पाडव्याला शक बदलण्याची सवय आहे, त्यामुळे हे चटकन कळतं. जॉन हाऊलंड २३ फेब्रुवारी १६७२/३ ला वारला असं लिहिलेलं दिसेल. तेव्हाच्या हिशेबाने ते १६७२ आणि आजच्या हिशेबाने १६७३. तारीख उतरवून घेताना दोन्ही आकडे लिहा. एकच लिहिलात तर पुढे मूल लग्नाआधी जन्मलं, मृत्युपत्र मृत्यूनंतर झालं, असले घोटाळे होतात.

दुसऱ्या दिवशी प्लिमथ. बॉस्टनपासून गाडीने तासाभराचा रस्ता आहे, गर्दी असली तर जास्त. पाण्याकाठचा प्रसिद्ध खडक आणि मेफ्लॉवरची प्रतिकृती बघायला सगळे जातात, आम्हीही गेलो. नातीला जहाज आवडलं. एवढ्याशा जागेत शंभर माणसं दोन महिन्यांवर राहिली, हे खालच्या डेकवर वाकून उभं राहिल्याशिवाय कळत नाही. उन्हाळ्यात गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा दहाच्या आत पोहोचा. हिवाळ्यात यातली बरीच ठिकाणं बंद असतात.

माझा जीव गुंतला तो पिलग्रिम हॉल संग्रहालयात. १८२४ पासून चालू असलेली ही वास्तू आहे. तिथे वसाहतीच्या सैन्याचा प्रमुख कॅप्टन स्टॅंडिश याची तलवार आहे आणि त्याच्या मुलीने, लोराने, भरलेला कापडाचा एक लांब अरुंद पट्टा आहे. अमेरिकेत भरलेला हा सगळ्यात जुना ज्ञात नमुना. वर नक्षीच्या ओळीमागून ओळी आणि खाली दोऱ्याने अक्षरं : लोरा स्टॅंडिश हे माझं नाव. पुढे देवाची प्रार्थना. लोरा तरुणपणीच वारली. मी बराच वेळ काचेशी उभी होते. सुनेने विचारलं, "काय झालं, आई?" मी म्हटलं, "हिने स्वतःचं नाव स्वतः लिहून ठेवलं."

तिथून चालत वर बरियल हिल या जुन्या दफनभूमीच्या टेकडीवर गेलो. चढ आहे, गुडघे दुखत असतील तर काठी घ्या. हाऊलंडच्या स्मारकाची एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. एकोणिसाव्या शतकात वंशजांनी इथे दगड बसवला, त्यावर त्याची बायको म्हणजे गव्हर्नर कार्व्हरची मुलगी असं कोरलं होतं. आईबाप गेलेल्या पोरीला ज्याने घरात घेतलं, त्यालाच लोकांनी तिचा बाप ठरवलं. सगळं गाव पिढ्यानपिढ्या तसंच मानत होतं. कार्व्हरनंतरचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड याने लिहिलेल्या वसाहतीच्या इतिहासाचं हस्तलिखित हरवलेलं होतं, ते लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात सापडलं आणि १८५६ मध्ये छापलं गेलं. त्यात १६५१ च्या सुमाराची प्रवाशांची यादी आहे. जॉन टिली आणि त्याची बायको किनाऱ्यावर उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांची मुलगी एलिझाबेथ हिने जॉन हाऊलंडशी लग्न केलं, असं ब्रॅडफर्डने स्वच्छ लिहून ठेवलं होतं. बाप परत मिळाला. आईचा घोळ पुढेही राहिला. हॉलंडमधल्या लायडनच्या दप्तरात दुसरा एक जॉन टिली होता, त्याची डच बायको हीच एलिझाबेथची आई म्हणून छापली जात होती. हेन्लोच्या नोंदी १९७६ मध्ये प्रसिद्ध झाल्या, तेव्हा कुठे जोन हर्स्ट हे नाव पक्कं झालं. दगडावर कोरलेलंही तपासून घ्यायचं, हे मी माझ्या वहीत त्याच संध्याकाळी लिहिलं.

सँडविच स्ट्रीटवरचं हाऊलंडचं घर चुकवू नका. एलिझाबेथचा मुलगा जेबेझ याचं हे लाकडी घर. मेफ्लॉवरच्या प्रवाशांचा वावर जिथे नक्की होता असं प्लिमथमध्ये उभं असलेलं हे एकच घर आहे. अर्धा भाग सतराव्या शतकातला, अर्धा १७५० चा. उन्हाळ्यापासून शरदापर्यंत माहितगार माणूस आत फिरवून दाखवतो. नवरा गेल्यावर एलिझाबेथ इथे असे, आणि १६८० मध्ये जेबेझने घर विकलं तेव्हा ती लिडिया या मुलीकडे स्वॉन्झीला गेली.

आणखी एक कागद फार आवडला. २२ मे १६२७ ला वसाहतीतली गुरं वाटली. माणसांचे बारा गट केले, एकेका गटात तेराजण. जॉन हाऊलंडच्या गटात एलिझाबेथ आहे, मुलगी डिझायर आहे, धाकटा जॉन आहे. त्यांच्या वाट्याला जेकब नावाच्या जहाजातून आलेली एक कालवड आली. तिचं नावही लिहिलंय : रॅगहॉर्न. कालवडीला नाव होतं म्हटल्यावर नात खूश. घरी येऊन तिने रॅगहॉर्नचं चित्र काढलं, एक शिंग मोडकं दाखवून.

प्लिमथमधल्याच कोल्स हिलवर मॅसॅसॉइट या मूळनिवासी प्रमुखाचा पुतळा आहे. पॅटक्सेट ही त्याच्या वाँपनोअॅग लोकांची वस्ती, १६१६ ते १६१९ च्या साथीने ओस पडली होती. तिच्या मोकळ्या शेतांवर प्लिमथ वसलं. इथेच १९७० पासून थँक्सगिव्हिंगच्या दिवशी मूळनिवासी शोकदिन पाळतात. नातीच्या वंशावळीत ही गोष्टही असायला हवी, असं सुनेचं म्हणणं आणि माझंही.

तिसऱ्या दिवशी केप कॉडवर बार्नस्टेबलला गेलो. सुनेची शाखा एलिझाबेथच्या होप नावाच्या मुलीची. ६ए रस्त्यावर लोथ्रॉप हिल दफनभूमीत होप चिपमनचा मूळ दगड अजून आहे. वय ५४, ८ जानेवारी १६८३, आणि 'जिने हे जीवन देऊन त्याहून चांगलं जीवन घेतलं'. सकाळी लवकर जा. ऊन तिरकं असताना अक्षरं उठून दिसतात, दुपारी काही वाचता येत नाही. खडू किंवा पीठ चोळू नका, दगड झिजतो. छोटा आरसा नेऊन त्याने उजेड टाकला की पुरतं.

शेवटचा दिवस ऱ्होड आयलंडमधल्या ईस्ट प्रॉव्हिडन्सचा. रिव्हरसाइड भागात खाडीकाठी लिटल नेक दफनभूमी आहे, लिडियाच्या सासरच्या ब्राऊन कुटुंबाच्या जागेत एलिझाबेथचं स्मारक. हा भाग तेव्हा स्वॉन्झीत होता. फलक चटकन दिसत नाही, नकाशा फोनवर उतरवून न्या. लेकीच्या दारी राहणं आपल्याकडे कमीपणाचं मानत. ही बाई अखेरपर्यंत लेकीकडे राहिली आणि डिसेंबर १६८७ मध्ये ऐंशी वर्षांची होऊन गेली.

तिचं मृत्युपत्र १७ डिसेंबर १६८६ चं आहे, ब्रिस्टल काउंटीच्या जुन्या वहीत. आम्ही ते तिथेच गवतावर बसून वाचलं. चादरींचे जोड, उशांचे अभ्रे, पिसांची गादी. डोरोथी या नातीला चांगल्यातली पेटी आणि अंथरूण गरम करायचं भांडं. दुसऱ्या एका नातीला चार मेंढ्या. आणि सगळ्या मुलांना, देवाचं भय धरून एकमेकांशी प्रेमाने नि गोडीने राहा. आजी आपल्या ट्रंकेतून एकेक वस्तू काढून ज्याच्या त्याच्या हाती देते आहे, असंच वाटत राहिलं.

हेन्लो राहिलं. लंडनहून आर्लसी स्टेशनपर्यंत रेल्वे आहे, पुढे गाव जवळच. मूळ नोंदवही मात्र बेडफर्डच्या अभिलेखागारात असते, आधी कळवून जावं लागतं. पुढच्या ऑगस्टात तिघी जायचं ठरलंय. जोन हर्स्टची लेक जिथे नोंदली गेली, ती ओळ नातीला दाखवायची आहे. तोवर सुनेने आजीच्या वहीत पहिल्या ओळीच्या वर जागा करून आईचं नाव लिहून घेतलंय.