तुम्ही विचारलंत म्हणून: चॉसरच्या आधी 'पर्ल' का?

जुनं इंग्रजी काव्य वाचायचं मनावर घेतलेली मंडळी मला हमखास विचारतात, "सुरुवात चॉसरपासूनच करू ना?" चॉसर म्हणजे 'कँटरबरी टेल्स' लिहिणारा नामांकित कवी. मी म्हणतो, आधी 'पर्ल' (म्हणजे 'मोती') ही दीर्घ कविता वाचा. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "ज्या कवीचं नावही कुणाला ठाऊक नाही, त्याच्यापासून कशाला?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात चॉसर लंडनला लिहीत होता, तेव्हा हा अनामिक इंग्लंडच्या वायव्य मिडलंड्समधल्या बोलीत लिहीत होता. एका माणसाचा मोती बागेतल्या गवतात हरवलाय. ऑगस्टमध्ये तो त्या जागी येतो, शोक करता करता तिथेच झोपी जातो. स्वप्नात नदीच्या पल्याड एक मुलगी दिसते, शुभ्र कपड्यांतली, मोत्यांनी मढलेली. हळूहळू आपल्या ध्यानात येतं की मोती म्हणजे त्याची लेक. 'माझी मुलगी' असे शब्द मात्र तो उच्चारत नाही. मावशी किंवा पुतणीपेक्षाही ती मला जवळची होती, एवढंच म्हणतो.

ती सांगते, मी आता स्वर्गात राणी आहे. बापाला ते पटत नाही. तू तर आमच्यात दोन वर्षंही जगली नाहीस, तो म्हणतो. देवाला आळवणं तुला येत नव्हतं, एक प्रार्थना पाठ नव्हती, आणि पहिल्याच दिवशी राणी? वरवर हा धर्मशास्त्रातला वाद आहे. पण मला तिथे बाप ऐकू येतो. लेकीला काय काय येत नव्हतं हे त्याला नेमकं आठवतंय. ती त्याला बायबलमधल्या द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला देते: संध्याकाळी कामावर आलेल्यांनाही दिवसभर राबलेल्यांइतकीच मजुरी. त्याचं काही त्याने समाधान होत नाही. शेवटी तो तिच्याकडे जायला नदीत झेप घेऊ पाहतो आणि जाग येते.

आणि बांधणी! 101 कडवी, 1212 ओळी. एका कडव्याचा शेवटचा शब्द पुढच्या कडव्याच्या पहिल्या ओळीत येतो, आपल्या पंडिती काव्यातल्या दामयमकाच्या जवळचं काहीतरी. कवितेची अखेरची ओळ पहिल्या ओळीला जाऊन मिळते, मोत्यांची माळ ओवून गाठ मारावी तशी. पहिलं कडवं संपतं 'स्पॉट' या शब्दावर: मोत्यावर एकही डाग नव्हता. दुसरं सुरू होतं, त्या 'स्पॉट'वर तो माझ्या हातून निसटला तेव्हापासून... इथे स्पॉट म्हणजे जागा. दोन कडव्यांमधल्या कोऱ्या जागेत डागाची जागा झाली, आणि ती जागा म्हणजे तिला पुरलेली माती. मराठीत हे आणायचा मी अनेकदा प्रयत्न केला. 'डाग' घेतला की जागा जाते, 'ठाव' घेतला की डाग जातो. वहीत त्या ओळीपुढे अजून पेन्सिलीची खाडाखोडच आहे.

ही कविता एकाच हस्तलिखितात उरली आहे. रॉबर्ट कॉटन या हस्तलिखितं जमवणाऱ्या इंग्रज गृहस्थाच्या संग्रहात ते रोमन सम्राट नीरोच्या अर्धपुतळ्याखालच्या कपाटात होतं, म्हणून त्याचा क्रमांकही नीरोच्या नावाने. 1731 साली तो संग्रह ठेवलेल्या घराला आग लागली, बरीच हस्तलिखितं जळाली. हे बचावलं. छापून लोकांपुढे यायला मात्र 1864 साल उजाडलं. चॉसरला वाचक सतत मिळत आले. या बापाला इतकी शतकं थांबावं लागलं. मी आधी त्याच्याकडे पाठवतो, त्यामागे हेही आहे.

बोली अवघड आहे, हे खरं. शेजारी आजच्या इंग्रजीतला अनुवाद उघडून ठेवा, पण पहिली दोन कडवी मूळातच वाचा, मोठ्याने, आणि त्या 'स्पॉट'पाशी जरा थांबा.