तितिकाकावरची एकादशी

पुनोच्या बंदरावर सकाळी सातला पोचलो तेव्हा बोटींच्या छपरांवर रात्रीचं दहिवर गोठून पांढरं झालं होतं. तारीख 17 जुलै 2024, आषाढी एकादशी. पंढरपुरात त्या वेळी संध्याकाळ झालेली, वाळवंटात पाय ठेवायला जागा नसणार. आणि मी कानटोपी, दोन स्वेटर आणि हातमोजे घालून पेरू देशातल्या एका धक्क्यावर लेकीचा हात धरून बोटीत पाय टाकत होते. लहानपणापासून एकादशी कधी मोडली नाही, इथेही मोडायची नाही एवढं मनाशी ठरवलं होतं. आदल्या रात्रीच उकडलेली रताळी डब्यात भरून घेतली होती.

तितिकाका सरोवर समुद्रसपाटीपासून 3812 मीटर उंचीवर आहे. आपल्या कळसूबाईची उंची 1646 मीटर. दोन कळसूबाई एकावर एक रचल्या तरी या पाण्याच्या खाली पाचशे मीटर राहतील. इथे उतरल्यावर पहिली रात्र डोकं ठणकत काढली होती, दोन जिने चढले तरी छातीत धाप लागायची. हॉटेलवाल्या बाईंनी कोकाच्या पानांचा चहा दिला, त्याने बरं वाटलं. म्हणूनच सांगते, पुनोला येताच लगेच बोटीत बसू नका. दोन दिवस नुसते हळूहळू चाला, मग पाण्यावर जा.

बंदराजवळचं पाणी हिरवट आहे. शहराचं सांडपाणी याच उपसागरात येतं, त्यावर हिरवी साय धरलेली दिसते. जीव हळहळला. पण बोट थोडी पुढे गेली आणि दोन्ही बाजूंना तोतोरा सुरू झाला. पुरुषभर उंचीची, पाण्यातून सरळ वर आलेली हिरवी-पिवळी पाती. ही वनस्पती आपल्या लव्हाळ्याच्याच कुळातली. या तोतोऱ्याच्या रानांसाठी आणि त्यातल्या पक्ष्यांसाठी पेरू सरकारने 1978 मध्ये इथला मोठा भाग राखीव केला. त्या पात्यांमधून काढलेल्या पाण्याच्या वाटेने अर्ध्या तासात आम्ही उरोस लोकांच्या तरंगत्या बेटांवर पोचलो.

बोटीतून खाली पाऊल ठेवलं आणि ते आत गेलं. अगदी कडब्याच्या गंजीवर चढल्यासारखं. पाऊल रुतत नाही, पण खालून काहीतरी मऊपणे दबतं आणि परत वर येतं. वासही तोच, ओल्या आणि वाळल्या वैरणीचा मिसळून येतो तसा. रंगीत घागरे घातलेल्या पाच-सहा बायका स्वागताला उभ्या होत्या. "कामिसाराकी?" त्यांनी विचारलं. कशा आहात? उत्तर द्यायचं, "वालिकी", बरी आहे. हे आयमारा भाषेतलं. उरोसांची स्वतःची जुनी भाषा इथे आता कुणी बोलत नाही, कधीच ती आयमारात विरून गेली. हे ऐकून मी जरा वेळ गप्प बसले.

मग तोतोऱ्याच्या भाऱ्यांवर गोल बसवून त्यांनी बेट कसं बांधतात ते छोट्या प्रतिकृतीवर दाखवलं. पावसाळ्यात सरोवर फुगलं की तोतोऱ्याच्या मुळांचे जाड थर तळापासून सुटून वर येतात. त्यांना ‘खिली’ म्हणतात. मुळं आणि चिखल एकमेकांत इतके गुंतलेले असतात की तो सगळा थर बुचासारखा तरंगतो. लांब करवतीने त्याचे मोठाले ठोकळे कापायचे, बोटीने ओढत आणायचे, प्रत्येकात निलगिरीचा खुंट ठोकायचा आणि खुंटाला खुंट दोरांनी बांधायचे. काही महिन्यांत मुळं वाढतात आणि ठोकळे एकमेकांना धरतात. मग त्यावर कापलेला तोतोरा अंथरायचा, एक थर आडवा, एक उभा. त्यावर घरं. आणि सगळं बेट दोर लावून तळाशी ठोकलेल्या खांबांना बांधायचं, नाहीतर वारा सुटला की बेट वाट फुटेल तिकडे जाणार.

पण खरं काम यानंतरच सुरू होतं. खालचा तोतोरा सतत कुजत असतो. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी नवा थर टाकावा लागतो, पावसाळ्यात त्याहूनही लवकर. घर उचलून बाजूला ठेवायचं, खाली ताजा तोतोरा घालायचा, घर परत जागेवर. चूल दगडावर, कारण एक ठिणगी पडली तर पायाखालची भुईच पेटायची.

पायाखालची भुई. हे ऐकताना माझं मन कुठे गेलं ते सांगायला हवं.

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं. आजोबांचं गाव भीमेच्या काठावर होतं, काळीभोर जमीन, मळा, विहीर. उजनीचं धरण झालं आणि ते सगळं पाण्याखाली गेलं. मी तेव्हा सहा-सात वर्षांची. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं तेव्हा लोक फोटो काढायला जातात. आई मात्र कधी गेली नाही. आमच्या घरात ‘पाणी आलं’ याचा अर्थ नेहमी जमीन गेली असाच होता. आणि इथे माझ्यासमोर बसलेली ही माझ्याच वयाची बाई जमीन कशी करतात ते हातांनी दाखवत होती. कापायची, बांधायची, अंथरायची. तिच्या बोटांना तोतोऱ्याच्या पात्यांनी चरे पडलेले होते.

तिने एक ताजी काडी उपटून बुडाशी सोलली आणि पांढरा कोवळा गाभा माझ्या हातात दिला. खा, अशी खूण केली. पाण्यातलं कंदमूळच की, उपासाला चालायला हरकत नाही, असं म्हणून मी खाल्लं. काकडीसारखं पाणीदार, गोडीचा अगदी पुसटसा भास.

उरोसांच्या बेटांविषयी बरेच प्रवासी नाराजीने लिहितात. सगळं पर्यटकांसाठी मांडलेलं आहे, बायका वस्तू घ्या म्हणून मागे लागतात, लोक रात्री शहरात राहायला जातात, वगैरे. वस्तू पुढे केल्या जातात हे खरं आहे. तोतोऱ्याच्या बोटीत फेरी मारायचे वेगळे पैसे घेतात, आणि त्या बोटी जास्त टिकाव्यात म्हणून आत प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या भरलेल्या असतात, हेही खरं. बऱ्याच कुटुंबांची मुलं शिकायला पुनोत असतात. पण मला यात फसवणूक दिसली नाही. ही बेटं पूर्वी सरोवरात बरीच आत होती. 1986 च्या वादळाने त्यांची दैना केली, तेव्हा अनेकांनी ती किनाऱ्याजवळ आणून पुन्हा बांधली. तेव्हापासून येणाऱ्या माणसांवर त्यांचं पोट जास्त अवलंबून आहे. 2023 च्या दुष्काळात सरोवर इतकं आटलं की काठचा तोतोरा वाळून गेला. ज्यांची भुईच तोतोऱ्याची, त्यांनी अशा वर्षी काय करावं? पाहुण्यांसमोर गाणं म्हणणारी बाई खोटी आणि गाणं न म्हणणारी खरी, असं आपण कुठल्या अधिकाराने ठरवायचं? घरांच्या छपरांवर सोलर पॅनल आहेत. रात्री उजेड हवा असणं ही काही संस्कृती सोडल्याची खूण नव्हे.

मी तिच्याकडून भरतकामाचा एक कपडा घेतला. घासाघीस केली नाही.

तिथून ताकिले बेटापर्यंत दोन तासांहून जास्त लागले. तोतोरा संपला आणि सरोवराने एकदम अंग मोकळं केलं. क्षेत्रफळ आठ हजार चौरस किलोमीटरच्या वर, पेरू आणि बोलिव्हिया या दोन देशांत वाटलेलं. समोरचा काठ दिसत नाही, लाटा येतात, बोट डुलते. फक्त वास समुद्राचा नाही. पूर्वेला बोलिव्हियातल्या बर्फाच्या डोंगरांची रांग पाण्यावर ठेवल्यासारखी दिसत होती. लेक छपरावर जाऊन बसली, मी आत झोप काढली. या उंचीवर ऊन फार वाईट लागतं. थंडी वाजत असतानाच तिचं नाक भाजून लाल झालं.

ताकिले हे खरंखुरं, दगडामातीचं बेट. सुमारे पाच-सहा किलोमीटर लांब, वस्ती दोनेक हजारांची, भाषा केचुआ. धक्क्यापासून वाट चढत जाते, दोन्ही बाजूंना दगडी बांध आणि पायऱ्यापायऱ्यांची शेतं. जुलैत पिकं निघून गेलेली, सगळं तपकिरी. वाटेवर मध्येमध्ये दगडी कमानी. वीस पावलं चालायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा. माझ्यापेक्षा वयाने मोठी एक आजी पाठीवर गाठोडं घेऊन शेजारून गेली, तिची पावलं जराही अडखळली नाहीत.

या बेटावर विणतात ते पुरुष. हे वाचलं होतं, पण चौकात भिंतीला टेकून पाच-सहा बाप्ये एका ओळीत सुयांवर टोप्या विणताना पाहिले तेव्हा थांबून बघतच राहिले. बोलणं चालू, हसणं चालू, नजर दुसरीकडे, आणि हात आपले चाललेत. टोपीला चुयो म्हणतात. पूर्ण लाल रंगाची असेल तर लग्न झालेलं, वरचा भाग पांढरा असेल तर मुलगा अजून लग्नाचा. मुलगे लहानपणीच विणायला शिकतात. टोपी इतकी घट्ट हवी की उलटी धरून पाणी ओतलं तरी गळू नये, सासरा म्हणे अशीच परीक्षा घेतो. बायका सूत कातत चालतात आणि मागावर कमरपट्टे विणतात. रुंद पट्ट्यावर वर्षाचं सगळं शेतकाम आणि सण चिन्हांनी विणलेले असतात. पेरणी कधी, सण कधी, सगळं कमरेला. या विणकामाला युनेस्कोने 2005 मध्ये मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून मान दिला. माणसं भेटली की हात मिळवत नाहीत, कमरेच्या पिशवीतली कोकाची पानं एकमेकांना देतात. गळाभेटीपेक्षा मला हे आवडलं.

जेवायला एका घराच्या अंगणात लांब बाक मांडले होते. सगळ्यांसाठी किनोआचं सूप आणि ट्राउट मासा. हा मासा मूळचा इथला नाही, गेल्या शतकात उत्तर अमेरिकेतून आणून सोडलेला. वाटाड्याने घरच्या बाईंना केचुआत सांगितलं की या ताईंचा देवाचा उपास आहे, धान्य चालत नाही. बाईंनी विचारलं, मग बटाटा चालतो का?

चालतो म्हणजे काय! सालासकट उकडलेले बटाटे आले, एक जांभळट, एक पिवळा, एक वेडावाकडा बोटासारखा. सोबत मीठ. मी इतके चविष्ट बटाटे आयुष्यात खाल्ले नाहीत. आणि खाताना एकदम लक्षात आलं की बटाटा याच मुलखातला. तितिकाकाच्या आसपासच्या डोंगरांत माणसाने तो हजारो वर्षांपूर्वी पहिल्यांदा लावला. पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला आणि नावही त्यांचंच घेऊन राहिला. आपल्या खिचडीतले शेंगदाणे दक्षिण अमेरिकेतले, साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओकाही तिथलाच, मिरची अमेरिकेतली. पाचशे वर्षांपूर्वी यातलं काहीही पंढरीच्या वाटेवर नव्हतं. लेक जे सूप पीत होती तो किनोआसुद्धा आपल्या चाकवताचा सख्खा चुलत भाऊ, एकाच प्रजातीसमूहातला. आदल्याच दिवशी पुनोजवळच्या माळावर बटाट्यांचं वाळवण पाहिलं होतं. जून-जुलैच्या रात्री बटाटे उघड्यावर पसरतात, ते गोठतात, दिवसा उन्हात सुटतात, मग पायांनी तुडवून पाणी काढतात आणि वाळवतात. त्याला चुन्यो म्हणतात, वर्षानुवर्षं टिकतो. आपण कुरडया उन्हाच्या भरवशावर घालतो, हे थंडीच्या. शेवटी बाईंनी मुन्याचा चहा दिला, पुदिन्यासारखा वास येणारा डोंगरी पाला, धाप कमी करतो म्हणतात.

चहा पिताना वाटाड्या बेटाची गोष्ट सांगत होता. स्पॅनिश काळापासून हे बेट जमीनदारांच्या ताब्यात, लोक आपल्याच शेतांवर राबणारे. पुढे इथे कैदी आणून ठेवत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेटावरच्या लोकांनी कायद्याच्या वाटेने, पदरचे पैसे मोजून जमीन परत मिळवली. 1937 हे साल इथे सांगतात. आता शेतं कुठे पेरायची, कुठे पडीक ठेवायची, पाहुण्यांना कोणत्या घरी जेवायला न्यायचं, हे सगळं बैठकीत ठरतं. तीन नियम जुने आहेत: चोरी करू नकोस, खोटं बोलू नकोस, आळस करू नकोस. मी त्याला विचारलं, परत घेतलेली जमीन पुढे कुणी बाहेरच्याला विकली का? त्याने माझ्याकडे असं पाहिलं की प्रश्न विचारल्याचं मलाच वाईट वाटलं.

दुसऱ्या बाजूला पाचशेहून जास्त पायऱ्या उतरून बोट गाठायची असते. गुडघे दुखत असतील तर काठी न्या. परतीचे तीन तास ऊन कलत गेलं. उरोसांच्या बेटांजवळून जाताना एक माणूस बोट भरून हिरवा तोतोरा घेऊन घरी चालला होता.

खोलीवर येऊन सात वाजता आईला फोन लावला. इंदापुरात पहाटेचे साडेपाच, द्वादशी लागलेली. आई अंघोळ करून बारस सोडायच्या तयारीत होती, माझी एकादशी अजून संपायची होती. मी तिला सगळं सांगितलं. पाण्यावर गवत अंथरून राहतात, घर उचलून बाजूला ठेवतात. ती सगळं ऐकत होती.

"मग त्यांना रान न्हाई का?"

"नाही. शेत नाही. मासे धरतात, पक्षी धरतात. बटाटे बाजारातनं आणतात."

"आन् ते भुई रोज अंथरत्यात."

"रोज नाही, पंधरा दिवसांनी."

थोडा वेळ तिकडून नुसता भांड्यांचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "त्या बाईचं नाव काय गं, तू इचारलं का?"

मी विचारलं नव्हतं.