आंबा पावडरीसाठी व्हॅक्यूम ड्रायर: वसई, अंबरनाथ, वटवा दौऱ्याचा वृत्तांत

गरज नेमकी होती. रत्नागिरीजवळच्या फळप्रक्रिया कारखान्यात हापूसच्या पल्पची पावडर करायची, बॅचला साधारण 19 किलो, आणि रंग-वास जाता कामा नये. त्यासाठी 48 ट्रेचा व्हॅक्यूम ट्रे ड्रायर (हवा काढून घेतलेल्या बंद चेंबरमध्ये, गरम प्लेटांवर ठेवलेल्या ट्रेमध्ये माल कमी तापमानाला सुकवणारं मशीन) कोणाकडून आणि कोणत्या अटींवर घ्यायचा, हे ठरवायला हा पाच दिवसांचा दौरा: एक दिवस वसई, एक अंबरनाथ, तीन दिवस अहमदाबादजवळचं वटवा.

आधी वेळेचं. मशीन एप्रिलच्या हंगामाआधी बसायला हवं असेल तर ऑर्डर डिसेंबरमध्ये गेली पाहिजे. बांधणीला अडीच-तीन महिने सहज जातात. दिवाळीनंतर लगेच वटव्याला जाऊ नका, लाभपाचमीपर्यंत बहुतेक शेड बंद असतात. वसई-अंबरनाथकडे साप्ताहिक सुट्टी बऱ्याच ठिकाणी शुक्रवारी असते, रविवारी नाही. निघण्याआधी फोन करून विचारा, आणि चाचणीचं पायलट मशीन चालू अवस्थेत आहे का तेही त्याच फोनवर विचारून घ्या.

सोबत आपला माल नेलाच पाहिजे. बनवणाऱ्याकडे दाखवायला हळद किंवा औषधी पावडर असते, ती कशीही सुकते. साखर असलेला फळाचा पल्प सुकवणं वेगळंच काम आहे. हंगाम नसल्यामुळे 3.1 किलोचे पल्पचे नऊ डबे आणि 6 किलो माल्टोडेक्स्ट्रिन (पावडर चिकट होऊ नये म्हणून पल्पमध्ये मिसळायची स्टार्चची भुकटी) बरोबर नेलं. 12 ट्रेच्या पायलट मशीनवर दोन चाचण्यांना एवढं पुरतं. दोन अशासाठी, की पहिली चाचणी जवळपास नेहमीच बिघडते आणि शिकायला तीच उपयोगी पडते.

वसईत पहिल्याच शेडमध्ये मशीन चकाचक होतं, आरशासारखं बफिंग, आणि डायलवर काटा 700 मिलिमीटरवर (पाऱ्याच्या). हा 700 चा आकडा सगळीकडे ऐकू येतो, म्हणून त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. साधा डायल गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत व्हॅक्यूम दाखवतो. समुद्रसपाटीला 760 मधून 700 गेले की आत 60 मिलिमीटर, म्हणजे 80 मिलीबार उरतात. त्या दाबाला पाणी साधारण 41.5 अंशांना उकळतं. पुण्यात बाहेरची हवाच सुमारे 712 मिलिमीटर आहे, त्यामुळे आतली स्थिती तीच असली तरी तिथला काटा 650 च्या आसपासच थांबेल. भोसरीत 650 दाखवणारं मशीन वाईट आणि वसईत 700 दाखवणारं चांगलं, असं त्यावरून ठरवता येत नाही. मिलीबारमध्ये निरपेक्ष दाब दाखवणारा गेज मशीनवर मागा आणि कोटेशनमध्येही दाब त्याच एककात लिहून घ्या.

शिवाय तो 700 रिकाम्या, कोरड्या चेंबरवरचा होता. ओला माल आत गेल्यावर काटा कुठे राहतो हाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर चेंबरमध्ये सापडत नाही. ते मागच्या कंडेन्सरमध्ये (वाफ थंड करून तिचं पाणी करणारा भाग) आणि पंपात असतं.

अंबरनाथला हेच स्पष्ट दिसलं. तिथलं मशीन बाहेरून साधं होतं, पण कंडेन्सर मोठा, आणि त्याखालच्या कंडेन्सेटच्या टाकीला पातळी दाखवणारी काचनळी. ही नळी बारीक गोष्ट वाटते, पण चाचणीत तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. दर 15 मिनिटांनी पातळी लिहिली की सुकण्याचा वेग थेट कागदावर येतो, मध्ये दार उघडून ट्रे तोलायची गरज पडत नाही.

कंडेन्सर का मोठा लागतो, तर 60 मिलीबारला एक किलो पाण्याची वाफ साधारण 24 घनमीटर जागा घेते. तासाला 17 किलो वाफ निघत असेल तर 400 घनमीटरहून जास्त. एवढी वाफ कंडेन्सरने पाणी करून खाली पाडली नाही, तर सगळा भार पंपावर येतो, व्हॅक्यूम कमी होतं, मालाचं तापमान चढतं आणि पल्प तपकिरी होतो.

60 मिलीबारला वाफ 36 अंशांना थंडावते. कोकणात मे महिन्यात कूलिंग टॉवरचं पाणी 32 अंशांच्या आसपास मिळतं. फरक फक्त चार अंशांचा, त्यावर कंडेन्सर चालत नाही. 8 ते 10 अंशांचं चिलरचं (पाणी गार करणाऱ्या यंत्राचं) पाणी हवंच. वॉटर रिंग पंपाचंही (हा फिरत्या पाण्याच्या कड्याने हवा ओढतो, त्या पाण्याला सीलचं पाणी म्हणतात) तसंच: सीलचं पाणी 32 अंशांचं असेल तर त्याची स्वतःचीच वाफ जवळपास 48 मिलीबारची असते, पंपात ते आणखी तापतं, आणि पंप 55-60 मिलीबारच्या खाली जात नाही. कॅटलॉगमधला 33 मिलीबारचा आकडा 15 अंशांच्या पाण्यावरचा असतो. सीलच्या पाण्यालाही चिलरची एक लाइन द्या. तेलाचा पंप जास्त खाली जातो, पण गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडून वाफ बाहेर घालवणारा व्हॉल्व्ह) उघडा ठेवला नाही तर दोन-चार बॅचमध्ये तेल ताकासारखं पांढरं होतं.

वीज गेली तर काय, हा प्रश्न तिन्ही ठिकाणी विचारला. पंप थांबला की चेंबरमधलं व्हॅक्यूम सीलचं पाणी किंवा पंपातलं तेल उलटं आत ओढतं. पंप आणि कंडेन्सर यांच्यामध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि वीज जाताच आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह, दोन्ही हवेत. एका ठिकाणी दोन्ही नव्हते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कितीदा जाते हे माहीत असणाऱ्याने हे सोडू नये.

चाचण्या वटव्याला झाल्या. 13 किलो पल्पमध्ये 2.6 किलो माल्टोडेक्स्ट्रिन घोटलं, म्हणजे मिश्रणात घन भाग 30 टक्के. 812 बाय 406 मिलिमीटरच्या नेहमीच्या ट्रेमध्ये प्रत्येकी 1.3 किलो, जेमतेम 4 मिलिमीटरचा थर, खाली टेफ्लॉनचं कापड. 32 मिलिमीटर उंच ट्रेमध्ये एवढाच माल पाहून शेडमधल्या ऑपरेटरना वाटलं, मशीन रिकामंच चालणार. पण पल्प फुगतो. काचेच्या खिडकीतून पाहिलं तर 150 मिलीबारच्या आसपास कडेला बुडबुडे येतात, मग सगळा थर दुधासारखा वर चढतो, आणि जाळीदार होऊन तसाच सुकतो. पहिल्या चाचणीत व्हॅक्यूम पाच-सहा मिनिटांत पूर्ण ओढलं गेलं आणि चार ट्रेमधला पल्प उतू जाऊन तापलेल्या प्लेटवर पडला. तिथे साखर करपली, आणि तो करपट वास साऱ्या मालाला लागला. दुसऱ्या वेळी 200 मिलीबारपर्यंत 5 मिनिटांत आणि तिथून 60 पर्यंत 20 मिनिटं घेऊन हळूहळू आणलं, काही सांडलं नाही. म्हणून व्हॅक्यूमच्या लाइनवर हाताने बारीक सोडता येईल असा व्हॉल्व्ह हवा. नुसता चालू-बंदचा चालत नाही.

प्लेटमधलं पाणी सुरुवातीला 78 अंश ठेवलं. वाफ जोरात निघते तोवर माल 42-45 च्या वर जात नाही. पातळीनळीतली वाढ मंदावली की मालाचं तापमान प्लेटच्या मागे चढू लागतं. तिथेच पाणी 55 वर आणायचं. ही वेळ चुकली की रंग गेला. शेवटी प्लेटमध्ये थंड पाणी सोडून, व्हॅक्यूम न तोडता, 40 मिनिटं थंड करायचं. गरम असताना हा थर चामट असतो, ट्रेमधून ओढला तर लांबतो. 28 अंशांपर्यंत थंड झाला की पापडासारखा कडक मोडतो. याचा अर्थ प्लेटच्या सर्किटला गरम-थंड अशी बदली हवी. दोन कोटेशनमध्ये ती नव्हती, मागितल्यावर घातली.

व्हॅक्यूम तोडताना बाहेरची दमट हवा आत गेली तर पाच तासांची मेहनत दहा मिनिटांत चिकट होते. तोडायच्या लाइनवर फिल्टर आणि सिलिका जेलचा किंवा तसाच शोषक कॉलम लावून घ्या. दळण्याची आणि भरण्याची खोली डीह्युमिडिफायरवर असली पाहिजे, हे मशीनच्या किमतीत धरायला लोक विसरतात.

हिशेब असा आला: दुसऱ्या चाचणीत पहिल्या तासाला 4.2 लिटर पाणी पडलं. ट्रे चौपट, म्हणून 48 ट्रेला तासाला 17 किलो. वाफेचं पाणी करताना काढायची उष्णता किलोला 2406 किलोज्यूल धरली तर 11.4 किलोवॅट, म्हणजे 3.2 टी.आर. (टन रेफ्रिजरेशन, चिलरची क्षमता मोजायचं एकक). त्या तासातही शिखर असतं आणि पंपाचं पाणीही थंड करायचं, म्हणून चिलर 5 टी.आर.चा. काही बनवणाऱ्यांनी 2 टी.आर. सुचवला होता, तो सरासरी वेगावर काढलेला. 12 ट्रेच्या त्या चाचणीत एकूण पाणी 10.8 किलो निघायला हवं होतं, टाकीत 9.3 आलं, उरलेलं पंपातून गेलं. ही तूट याहून बरीच मोठी दिसली तर कंडेन्सर लहान आहे असं समजा.

पावडरीची आर्द्रता त्यांच्या हॅलोजन मीटरवर 105 अंशांना मोजू देऊ नका. फळाची साखर तिथे स्वतःच विघटते आणि आकडा खोटा वाढतो. 70 अंशांच्या व्हॅक्यूम ओव्हनमध्ये मोजा, लक्ष्य 3 टक्के.

बाकीचे पर्याय थोडक्यात. डबल कोन रोटरी ड्रायर कोरड्या दाणेदार मालाला उत्तम, पल्पचे त्यात गोळे होतात. फ्रीझ ड्रायरमध्ये फोडी आकारासकट टिकतात, पण बॅच दिवसभर चालते आणि भांडवल कितीतरी जास्त. मिठाई-आइस्क्रीमसाठी पावडर विकायची तर त्याची गरज नाही.

डिस्पॅचआधीच्या तपासणीला स्वतः जा. चेंबर कोरडं आणि थंड असताना 50 मिलीबारपर्यंत ओढून व्हॉल्व्ह बंद करा आणि दर 5 मिनिटांनी दाब लिहा. दाब चढून मग सपाट होत असेल तर आत ओल आहे. सरळ रेषेत चढत राहिला तर गळती. 2,000 लिटरच्या चेंबरमध्ये अर्ध्या तासात 5 मिलीबारपर्यंत ठीक. गळती बहुधा दाराच्या कोपऱ्यात, जिथे सिलिकॉन गॅस्केटचा सांधा येतो. सांधा कोपऱ्यात नको, सरळ बाजूवर घ्यायला सांगा. चौकोनी दार 1.2 मीटरचं असेल तर त्यावर 14 टनांहून जास्त भार असतो, म्हणून बाहेरच्या पट्ट्या आणि बिजागऱ्या नीट पाहा.

प्रत्येक प्लेटवर स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवा. ट्रे उलटे करूनही पाहा. ट्रेच्या तळाला एक मिलिमीटर पोक असेल तर तेवढ्या जागी उष्णता फारच कमी जाते आणि मधला माल ओला राहतो. प्लेटमध्ये पाणी दाबाखाली चालू असतानाच चेंबरला व्हॅक्यूम द्या, वेल्डिंगमधलं सुईएवढं भोकही तेव्हा घाम फुटल्यासारखं दिसतं. पाणी प्लेटना एकामागून एक जातं की समांतर, तेही विचारा; एकामागून एक असेल तर वरची आणि खालची प्लेट सारखी तापत नाही.

आंब्याला एस.एस. (स्टेनलेस स्टील) 304 चालतं. बिगरहंगामात त्याच मशीनवर मिठातलं कोकम किंवा कैरी घ्यायची असेल तर ट्रे आणि आतला भाग 316 एल हवा, मिठाने 304 ला खड्डे पडतात. लोहचुंबकाने या दोन्हींतला फरक कळत नाही. मॉलिब्डेनम तपासणीचं किट मिळतं, ते बरोबर न्या आणि टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (पोलादाच्या त्या ओतीचा नंबर) पत्र्यावरच्या नंबराशी जुळवा.

कोटेशनच्या शेवटच्या पानावर 'ग्राहकाच्या कक्षेत' अशी ओळ असते. चिलर, पाइपिंग, गरम पाण्याची टाकी, कधीकधी पंपाचा स्टार्टरसुद्धा तिथे ढकललेला असतो. तीन कोटेशनची तुलना ही ओळ भरून काढल्यावरच करा. वरवर सर्वांत स्वस्त दिसलेलं कोटेशन त्यानंतर मधल्या क्रमांकावर आलं. आणि 10 टक्के रक्कम आपल्या जागेवर, आपल्या पल्पच्या तीन सलग बॅच 3 टक्क्यांखाली निघेपर्यंत राखून ठेवायची, हे पर्चेस ऑर्डरमध्येच लिहा.