व्याह्यांसाठी केलेली सही

थॉमस जेफरसन या गुलामांच्या धन्याच्या पत्राचा तुमचा अनुवाद वाचून दाखवताना तुमचा आवाज का अडखळतो, असे प्रत्येक वाचनानंतर कोणीतरी मला विचारतेच. आजवर मी हसून वेळ मारून नेली. आता तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदाच नीट लिहितो.

थॉमस जेफरसनने ते पत्र १७ फेब्रुवारी १८२६ रोजी, मृत्यूच्या साडेचार महिने आधी, आपला पन्नास वर्षांचा स्नेही जेम्स मॅडिसन याला लिहिले. दोघेही अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष आणि दोघेही शेतीत पोळलेले. विद्यापीठाच्या कारभाराविषयी लिहिता लिहिता म्हातारा पैशांच्या गोष्टीवर येतो. माझे स्वतःचे कर्ज बरेच होते, पण मालमत्तेची थोडी छाटणी केली असती तर निभावले असते, तेवढ्यात आपल्या मित्राने शेवटचा घाव घातला, तेव्हापासून त्याच्या कर्जाचे बाराशे डॉलर व्याज मी दरसाल भरतो आहे, अशा आशयाचा तो मजकूर आहे. माझा आवाज अडखळतो तो इथे.

हा मित्र म्हणजे विल्सन केरी निकोलस. व्हर्जिनियाचा माजी गव्हर्नर, मोठ्या बँकेच्या रिचमंड शाखेचा अध्यक्ष, आणि जेफरसनच्या थोरल्या नातवाचा सासरा. आपल्या भाषेत व्याहीच. १८१८ मध्ये त्याने दहा-दहा हजार डॉलरच्या दोन हुंड्यांवर जामीन म्हणून सही मागितली आणि पंचाहत्तरीतल्या जेफरसनने ती दिली. सहा टक्के दराने वीस हजारांचे व्याज बाराशे होते, हे मला कागद न घेता सांगता येते, कारण सव्वीस वर्षे मी एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात हेच हिशेब केले आहेत. पुढच्याच वर्षी मंदी आली, जमिनीचे आणि पिकांचे भाव कोसळले आणि निकोलस बुडाला. १८२० मध्ये तो वारला, तोही जेफरसनच्या नातवाच्याच घरी, आणि त्याला मॉन्टिसेलोच्या, म्हणजे जेफरसनच्या मळ्यावरच्या, घरच्या दफनभूमीत जागा मिळाली. पत्रात मात्र जेफरसन लिहितो की, लॉटरी काढून जमीन विकण्याची परवानगी विधिमंडळाने नाकारली तर हे घर सोडून दुसऱ्या जिल्ह्यात जावे लागेल, जिथे डोके टेकायला लाकडाची झोपडीसुद्धा नाही, आणि मग पुरायला जागा कोणती उरेल तेही विक्रीवरच ठरेल. ज्याच्यासाठी सही केली तो मात्र तोवर निवांत अंगणात निजलेला होता.

अशी सही मीही केली आहे. १९९४ मध्ये बहिणीच्या सासऱ्यांकडे जेवण झाल्यावर पानाचे तबक पुढे आले, आणि तबकाखाली कर्जाचा अर्ज होता. जामीनदाराच्या रकान्यावर पेन्सिलीने फुली आधीच मारून ठेवलेली होती. त्या रकान्याचा अर्थ त्या घरात माझ्याइतका कोणालाच कळत नव्हता, कारण दिवसभर मी जामीनदारांनाच नोटिसा पाठवत असे. तरीही बहीण दारात उभी होती आणि मी सही केली. पाच वर्षे पगारातून कपात झाली. त्या पाच वर्षांत आमच्या घरी या विषयावर एकही शब्द निघाला नाही आणि ती शांतताच सर्वांत महाग पडली. म्हणून पत्र पहिल्यांदा वाचले तेव्हा मला राष्ट्राध्यक्ष दिसलाच नाही, तबक दिसले.

इथवर मी स्वतःचा बचाव केला. पण दहा वर्षांपूर्वी जेफरसनला मैत्रीने बुडवले असे मी छातीठोकपणे सांगत असे, आणि ते चूक होते. मेला तेव्हा त्याच्यावर एक लाख सात हजार डॉलरहून अधिक कर्ज होते, त्यात निकोलसचे वीस हजारच. बाकी सासऱ्याकडून वारशाने आलेले देणे, बांधकामे, पाहुणे, मद्य आणि पुस्तके. १८१५ मध्ये सहा हजारांहून अधिक पुस्तके काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, २३,९५० डॉलरना विकल्यावर हा गृहस्थ पुन्हा पुस्तके विकत घेऊ लागला. असा कर्जदार माझ्या टेबलासमोर बसला असता तर मी त्याला कोणत्या शब्दांत झाडले असते, ते माझे सहकारी सांगतील.

आणि ती ‘छाटणी’. अनुवाद करताना मला तो शब्द शेतकऱ्याचा, आपलासा वाटला होता. त्या मालमत्तेत माणसे होती हे मला ठाऊक नव्हते असे नाही, पण वाचताना मी ते बाजूला ठेवत असे. पत्रानंतर महिनाभराने केलेल्या मृत्युपत्रात जेफरसनने पाच जणांना मुक्त केले. त्यात लोहार जोसेफ फॉसेट होता, पण त्याची सुटका धन्याच्या मृत्यूनंतर वर्षाने व्हायची होती. जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिसेलोला लिलाव झाला आणि त्यासाठी १३० माणसे उभी करण्यात आली. फॉसेटची बायको एडिथ, राष्ट्राध्यक्षांच्या स्वयंपाकघरात तयार झालेली आचारी, आणि त्यांची मुले त्याच लिलावात वेगवेगळ्या घरी गेली. लोहाराला स्वतःचे स्वातंत्र्य मिळायला अजून सहा महिने होते. त्याने कोणत्याही हुंडीवर सही केलेली नव्हती.

मग पत्र वाचणे बंद करा, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे मला धड सांगताही येत नाही. पत्राच्या शेवटी जेफरसन मॅडिसनला विनवतो की, मी गेल्यावर माझी काळजी घ्या. पूर्वी मी तिथेच वही मिटत असे. आता त्यानंतर एडिथचे नाव वाचतो आणि श्रोते चुळबुळ करतात. बाराशे डॉलरच्या ओळीशी मात्र आवाज अजूनही अडखळतो.