एक वाट, पाच तिकिटे: छत्रपती संभाजीनगर ते लातूर, परळी-अंबाजोगाईमार्गे

76 वर्षांच्या आईला घेऊन छत्रपती संभाजीनगरहून लातूरला मावशीकडे जायचे होते. थेट एसटीने हा प्रवास एका तिकिटात होतो. परंतु आईला परळीच्या वैजनाथाचे आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरीचे दर्शन घ्यायचे होते, आणि गुडघ्यांमुळे परळीपर्यंत तरी रेल्वेच बरी, असे ठरले. सिडकोहून शहर बसने रेल्वे स्थानक, तेथून रेल्वेने परभणी, परभणीला गाडी बदलून परळी, मुक्काम, दुसऱ्या दिवशी एसटीने अंबाजोगाई आणि पुन्हा एसटीने लातूर, अशी वाट धरली. रेल्वे, एसटी आणि शहर बस यांचे मिळून एकच, म्हणजे एकात्मिक, तिकीट या वाटेवर मिळत नाही, म्हणून पाच तिकिटे झाली. त्यांपैकी एक निव्वळ माझ्या अज्ञानामुळे जास्तीचे होते, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करते.

रेल्वेचे अनारक्षित तिकीट मी रेलवन ॲपवर परभणीपर्यंतच काढले आणि पुढचे तेथे उतरल्यावर काढू, असा विचार केला. परभणीच्या फलाटावर ॲप उघडले, तेव्हा तिकीट निघेना. रुळांच्या लगत उभे राहून कागदविरहित तिकीट काढता येत नाही, त्यासाठी स्थानकात लावलेला क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो, हा नियम मला ठाऊक नव्हता. आईला बाकावर बसवून मी खिडकीकडे धावले, रांगेत उभी राहिले आणि परळीची गाडी सुटायला चार मिनिटे उरली असताना तिकीट हाती आले. ही सगळी धावपळ टाळता आली असती, कारण रेल्वे सुरुवातीच्या स्थानकापासून थेट परळीचे एकच तिकीट देते. परभणीला गाडी बदलणे म्हणजे प्रवास मोडणे नव्हे. शिवाय अंतर वाढते तसा रेल्वेचा दर किलोमीटरमागे कमी होत जातो आणि प्रत्येक नव्या तिकिटाला किमान भाडे नव्याने लागू होते, त्यामुळे तुकडे पाडले की पैसेही थोडे जास्तच जातात. परळीपर्यंतचे अंतर 200 किलोमीटरच्या पुढे असल्याने खिडकीवर हे तिकीट 3 दिवस आधीही मिळते. मात्र पहिली गाडी सुपरफास्ट असेल, तर द्वितीय श्रेणीला 15 रुपयांचा अधिभार लागतो आणि पॅसेंजरच्या तिकिटावर एक्सप्रेसमध्ये बसता येत नाही, म्हणून खिडकीवर गाडीचा प्रकार अवश्य सांगावा. वाटेत एखाद्या गावी उतरून मुक्काम करायची सवलत 500 किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटालाच आहे. ॲपवर जुन्या नावाने शोधणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की औरंगाबाद स्थानकाचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आणि संकेताक्षर सीपीएसएन असे झाले आहे.

रेल्वेत आईचे आणि माझे तिकीट सारख्याच किमतीचे होते, कारण ज्येष्ठ नागरिकांची सवलत रेल्वेने मार्च 2020 मध्ये बंद केली, ती अद्याप परत आलेली नाही. परळीच्या बसस्थानकात लाल परीत चढलो आणि हिशेब पालटला. महिलांना एसटीत 17 मार्च 2023 पासून अर्धे भाडे आहे. 75 वर्षांवरील ज्येष्ठांना अमृत योजनेखाली ऑगस्ट 2022 पासून प्रवास विनामूल्य आहे. कंडक्टरने विचारले, “ताई, आजींचं आधार आहे का?” आईने बटव्यातून कार्ड काढले, त्याने ते वाचून परत केले आणि मशीनमधून शून्य रुपयांचे तिकीट फाडून तिच्या हातात दिले. “पैसे नाहीत, पण हे टाकून देऊ नका, आजी. तपासणी झाली तर लागतं.” आईला ते तिकीट इतके आवडले, की तिने ते आधारच्या पाकिटातच ठेवले.

हे शून्याचे तिकीट मला महत्त्वाचे वाटते. त्या तिकिटांची नोंद होते, आणि सवलतीची रक्कम एसटीला राज्य शासनाकडून प्रतिपूर्ती म्हणून मिळायची असते. एकात्मिक तिकिटाची खरी गुंतागुंत येथेच आहे. एका तिकिटावर रेल्वे, एसटी आणि शहर बस असा प्रवास व्हायचा असेल, तर प्रवाशाने दिलेल्या पैशांतला कोणाचा वाटा किती, हे रोज रात्री कोणीतरी ठरवले पाहिजे. त्यातून आईसारखी प्रवासी एका वाहनात पूर्ण पैशांची, दुसऱ्यात शून्याची, तर मी एकीकडे पूर्ण आणि एकीकडे अर्धी. सगळीकडे चालणारे कार्ड काढणे त्यामानाने सोपे आहे. नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड 4 मार्च 2019 रोजी सुरू झाले, पुणे मेट्रोत ते चालते आणि माझ्या पर्समध्येही होते. परंतु या संपूर्ण वाटेवर ते टेकवायला मला जागा मिळाली नाही. त्यात भरलेले पैसे बँक खात्यापासून वेगळे राहतात, तेव्हा या प्रवासासाठी म्हणून ते भरून ठेवू नये. मुंबईत ऑक्टोबर 2025 मध्ये ‘मुंबई वन’ ॲपवर 11 सेवांची तिकिटे एकत्र आली, तरी प्रत्येक सेवेचे भाडे आपापल्या दरानेच लागते.

गंमत अशी, की 1932 मध्ये निजामाच्या राज्यात सरकारी बस सुरू झाली, ती निजाम स्टेट रेल्वेचीच एक शाखा म्हणून, 27 गाड्यांनिशी. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता.

अंबाजोगाईला उतरल्यामुळे एसटीचीही दोन तिकिटे झाली. दर्शनासाठी थांबायचे असेल तर त्याला इलाज नाही. नुसती बस बदलायची असेल, तर थेट लातूरच्या गाडीची वाट पाहणे परवडते. एसटीचे भाडे 6 किलोमीटरच्या टप्प्याने आकारले जाते आणि अपुरा टप्पाही पूर्ण धरला जातो. समजा पहिले अंतर 25 किलोमीटर असेल, तर पाचव्या टप्प्यातला एकच किलोमीटर वापरून पैसे पूर्ण टप्प्याचे द्यावे लागतात, आणि पुढच्या गाडीत मोजणी नव्याने सुरू होते. जानेवारी 2025 मध्ये भाडे 14.95 टक्क्यांनी वाढल्यापासून हा फरक जाणवतो. कर्नाटक किंवा तेलंगणाकडे, म्हणजे उदगीरहून बिदरला किंवा देगलूरहून पुढे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की महिलांची आणि ज्येष्ठांची अशा एसटीच्या दोन्ही सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच आहेत. आरक्षण केल्यास त्याचा आकार पूर्ण द्यावा लागतो.

एसटीच्या मशीनवर यूपीआय चालते, तरी दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवाव्यात, कारण स्थानक ते बसस्थानक हा तुकडा बहुतेक गावांत रिक्षाच्याच हाती आहे. बीडला 17 सप्टेंबर 2025 रोजी अहिल्यानगरहून रेल्वे आली. तिने येऊन पुढे परळीला एसटीने जाणाऱ्यांनाही तेथे हाच तुकडा पार करावा लागेल. मला विचाराल तर मराठवाड्यात एकत्रीकरणाची सुरुवात या तुकड्यापासून करावी: रेल्वेचे तिकीट दाखवले, की शहर बसचे तिकीट लागू नये. त्यासाठी नवे कार्ड लागत नाही, दोन कार्यालयांचा करार लागतो.

शेवटी एक इशारा. लातूर आणि लातूर रोड ही दोन वेगळी स्थानके आहेत. परळीकडून उदगीरकडे जाणारी गाडी लातूर रोडला थांबते, आणि ते चाकूरजवळ, लातूर शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे. परळीहून रेल्वेनेच लातूरला येणार असाल, तर तिकिटावर ‘रोड’ हा शब्द छापला आहे का, ते खिडकी सोडण्यापूर्वी वाचावे.