एका शर्यतीची तीन टार्गेट्स

पन्नाशीला टेकलेल्या माणसानं सातारा हिल हाफ मॅरेथॉन कशाला पळायची, हा प्रश्न आमच्या घरात बरेच दिवस गाजला. माझं उत्तर ठरलेलं होतं: शुगर बॉर्डरवर आलीय. बायको म्हणाली, शुगरसाठी रोज तासभर भरभर चाललं तरी पुरतं, पहाटे साडेचारचा गजर आणि २१.१ किलोमीटर कशाला? मुद्दा बिनतोड होता.

खरं म्हणजे मला ओढलं ते पुण्यातल्या तळजाई टेकडीवर पळणाऱ्या ग्रुपनं. तिथं प्रत्येकाचं कारण वेगळं. एक काकू मुलं परदेशी गेल्यावर पळायला लागल्या. त्यांना वेळेशी देणंघेणं नाही, नंतरच्या पोह्यांशी आहे. एकजण मेडल जमवतो, भिंतीवर खिळेसुद्धा आगाऊ ठोकून ठेवलेत. त्याला सगळे हसतात, मला मात्र त्याचंच कारण सगळ्यांत प्रामाणिक वाटतं. आणखी एकाला दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही शर्यत खुणावतेय. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग यांच्यामधले नव्वदीच्या आसपास किलोमीटर, मुदत १२ तास. मुदत संपली की बंदूक वाजते आणि फिनिश लाइन बंद, मग तुम्ही दोन पावलांवर का असेना. असलं वेड आपल्याला झेपणारं नाही.

कोचनं तीन टार्गेट्स लिहून मागितली. सगळं जुळून आलं तर अडीच तासांच्या आत, नाहीतर पावणेतीनच्या आत, आणि अगदीच काही नाही तर धडधाकट फिनिश. हरण्याची सोय आधीच करून ठेवल्यासारखं वाटलं, पण लिहिली.

मग रविवारी लाँग रन आणि मधल्या वारी बोपदेव घाटात चढाचा सराव. चढावर घड्याळातला पेस, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं लागतायत ते, बघायचा नाही, असा कोचचा दंडक. शेजारच्याशी एक वाक्य धड बोलता येतंय ना, एवढंच बघायचं. येत नसेल तर सरळ चालायचं.

शर्यतीच्या सकाळी साताऱ्यात भुरभुर चालू होती. स्टार्टला पुढे घुसायची गरज नसते; नंबराला चिप असते, आपली वेळ आपण रेघ ओलांडल्यावर सुरू होते. यवतेश्वर घाट लागला तसा ढोल-ताशांचा आवाज वाढला. एका वळणावर धुकं फाटलं आणि अजिंक्यतारा दिसला. पुढे कास रस्त्यावर वळसा घेऊन परत फिरलो तेव्हा अडीच तासांचं टार्गेट अजून हातात होतं.

सगळे चढाला घाबरतात. मला मारलं उतारानं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणलेला असतानाच प्रत्येक पावलाला ब्रेक लावतो, आणि हे सलग कित्येक किलोमीटर. घाट अर्धा उतरेपर्यंत दोन्ही मांड्या दगड झाल्या. अडीच तास गेले, हे तिथंच कळलं. एकच टार्गेट असतं तर मी उरलेलं अंतर चालत, फोटो काढत आलो असतो. पण पावणेतीन अजून जिवंत होते. पावलं आखूड केली, पाण्याच्या टेबलापासून पुढच्या टेबलापर्यंत एवढाच हिशेब ठेवला. दोन तास एकेचाळीस मिनिटं. कोचनं नुसता अंगठा पाठवला.

सोमवारी बँकेचा जिना कठडा धरून उलटा उतरत होतो. आमच्या शिपायानं विचारलं, “साहेब, कितवा नंबर आला?”

“असेल हजारांत कुठेतरी.”

“मग मेडल कशाचं?”

“वेळेत पोचलेल्या सगळ्यांनाच देतात. पुढच्या वर्षी तुझंही नाव घालू?”

“आपले पैसे भरून पळायचं असतंय होय?” म्हणाला आणि चहा आणायला गेला.