मार्गारिटाव्हिलचा पत्ता: मैल 37 आणि मैल 0

अमेरिकन गायक जिमी बफेचं ‘मार्गारिटाव्हिल’ हे गाणं 1977 च्या फेब्रुवारीत आलं. अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत ते आठव्या क्रमांकापर्यंत चढलं, कंट्री संगीताच्या यादीत तेराव्या. गाण्यातलं गाव तेव्हा कुठल्याच नकाशावर नव्हतं. बफेने गाणं सुरू केलं टेक्सासमधल्या ऑस्टिनला आणि पुरं केलं फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, की वेस्ट बेटावर. मधला काही भाग सुचला तो बेटाकडे जाणाऱ्या पुलावर, ट्रॅफिकमध्ये अडकून पडल्यावर. म्हणून गाण्याचा माग काढायचा तर विमानाने थेट की वेस्टला उतरू नये. मायामीहून गाडी घ्यावी.

अंतर सुमारे 260 किलोमीटर, वेळ चार तास धरा. शुक्रवारी दुपारनंतर निघालात तर हिशेब सोडा, कारण बराचसा रस्ता एकेक पदरी आहे आणि दुसरी वाट नाही. मायामीतून बाहेर पडताना टर्नपाइक म्हणजे टोलचा महामार्ग घेतलात तर तिथे रोख टोल घेत नाहीत, नंबरप्लेटचा फोटो निघतो. भाड्याच्या गाडीवर कंपनी त्याचे वरचे पैसेही लावते, तेवढं आधी विचारून घ्या.

फ्लोरिडा सिटी सोडली की रस्त्याकडेला मैलांच्या हिरव्या पाट्या सुरू होतात. आकडा 126 च्या आसपासपासून उतरत उतरत की वेस्टला 0 वर येतो. इथले पत्तेही त्याच आकड्यांनी सांगतात, सोबत ‘ओशनसाइड’ (महासागराची बाजू) की ‘बेसाइड’ (उपसागराची बाजू) एवढं जोडून. मैल 47 ते 40 म्हणजे सेव्हन माइल ब्रिज. पण आपण गाडी घालतो तो पूल 1982 चा. बफे अडकला तो शेजारचा जुना, अरुंद. मुळात तो उद्योगपती हेन्री फ्लॅगलरच्या रेल्वेचा. 1935 च्या चक्रीवादळात रेल्वे उद्ध्वस्त झाली आणि 1938 मध्ये त्याच मार्गावर मोटाररस्ता सुरू झाला. जुन्या पुलाचा पिजन की या छोट्या बेटापर्यंतचा 2.2 मैलांचा तुकडा 2022 पासून पुन्हा चालायला खुला आहे. सावली अजिबात नाही, तेव्हा सकाळीच जा.

आता मुद्द्याचं. गाणं ऐकून लोक किनारा शोधत की वेस्टला जातात आणि हिरमुसतात. बाहेरचं प्रवाळ लाटांना आधीच अडवतं, त्यामुळे वाळू साठत नाही. स्मॅथर्स बीचची वाळू बाहेरून आणून टाकलेली. फोर्ट झॅकरी टेलरचं पाणी सुंदर, पण पायाखाली खडक. पाण्यात घालायचे बूट नसतील तर तळवे सोलतात. गाण्यातल्या माणसाची टाच कापते ती कॅनच्या फेकलेल्या कडीने. 1975 नंतर कॅनलाच चिकटून राहणारी कडी आली आणि तो धोका सरला. खडक मात्र आहेत तिथेच आहेत.

खरी नैसर्गिक वाळू हवी तर मैल 37 ला थांबा: बाहिया होंडा स्टेट पार्क. सुट्टीच्या दिवशी गाड्या भरल्या की फाटक बंद करतात, त्यामुळे नऊच्या आत पोचलेलं बरं. उन्हाळ्यात सरगॅसम नावाचं समुद्री शेवाळ वाहून येतं. कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास मारतं, आणि वारा किनाऱ्याकडे असेल तर उपाय नाही. डिसेंबर ते एप्रिल हवा कोरडी, खोल्या महाग.

पिणं मात्र मैल 0 लाच, गाडी ठेवून दिल्यावर. गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात मद्याची इथली मर्यादा 0.08 टक्के. भारतातल्या 0.03 पेक्षा सैल वाटते, पण भरवसा ठेवू नका. पकडलं तर प्रकरण तुरुंगापर्यंत जातं. गाडीत फोडलेली बाटली प्रवाशाच्या हातातही चालत नाही. वय 21 पूर्ण हवं, आणि पुराव्याला पासपोर्ट जवळ ठेवा. ड्युव्हल स्ट्रीट एका समुद्रापासून दुसऱ्यापर्यंत जेमतेम दोन किलोमीटर, सगळं पायी होतं.

मार्गारिटा या कॉकटेलचं माप साधं: टकीला 50 मिलि, ट्रिपल सेक (संत्र्याच्या स्वादाचं गोड मद्य) 20, लिंबाचा रस 15. मीठ पेल्याच्या बाहेरच्या कडेलाच आणि अर्ध्याच भागाला लावावं. आत सांडलं की पेय खारट. गाण्यातली बर्फाळ मार्गारिटा वेगळी. गारठ्यात गोडी कमी लागते, म्हणून साखरेचा पाक 15 मिलि वाढवावा. टकीला वाढवली तर मिश्रण गोठतच नाही, पातळ पाणी उरतं. 1971 मध्ये डॅलसच्या मारियानो मार्टिनेझने सॉफ्ट आइस्क्रीमच्या यंत्रातून ही मार्गारिटा काढली, तीही साखरेचं प्रमाण जुळवूनच. ते यंत्र आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

आणि लिंबू? ‘की लाइम’ म्हणजे आपलं कागदी लिंबू, तीच जात: पातळ सालीचं, बियाळ, पिकल्यावर पिवळं. 1926 च्या चक्रीवादळाने फ्लोरिडातल्या बागा झोपवल्या, मग बागायतदारांनी बिनकाट्याचं पर्शियन लिंबू लावलं. आज बारमध्ये पेल्यावर खोचलेली हिरवीगार चकती बहुधा त्याचीच. ‘की लाइम पाय’ हा लिंबाचा गोड पदार्थ मागवलात आणि तो हिरवा आला, तर रंग घातलाय समजा.